पांढरी शाई नसलेलं यंत्र: वारली चित्राचा भिंतीपासून टी-शर्टपर्यंतचा प्रवास



पोशेऱ्यात येऊन वारली चित्र म्हणजे काय हे सांगायचं, तर तो आगाऊपणा होईल. समोर बसलेल्या काही जणींनी लग्नाचा चौक स्वतः लिहिलेला असणार. ‘लिहिलेला’ असंच म्हणतो मी, कारण इकडे चौक काढत नाहीत, लिहितात. तेव्हा चित्र कसं लिहायचं हे मी सांगणार नाही. ते छापायला द्यायच्या आधी त्याची जी फाइल तयार करावी लागते, तिच्याबद्दल मी बोलणार आहे. विषय कोरडा वाटेल, पण त्याला इतिहास आहे आणि तो तुमच्या भिंतीपासूनच सुरू होतो.

सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनासाठी चाळीस टी-शर्ट छापून घ्यायचे होते. संयुक्त राष्ट्रांनी १९९४ साली हा दिवस ठरवला, कारण १९८२ साली याच तारखेला त्यांच्या आदिवासीविषयक कार्यगटाची पहिली बैठक झाली होती. अलीकडे या दिवशी गावोगावी मिरवणुका निघतात आणि मिरवणूक म्हटली की टी-शर्ट आलेच. मी एका भिंतीवरच्या तारपा नाचाचा मोबाइलने फोटो काढला, मागे गेरूचा रंग भरला आणि फाइल छापखान्यात धाडली. टी-शर्ट आले. सगळा फेर कमरेत तुटलेला! वर एक पांढरा त्रिकोण, खाली एक पांढरा त्रिकोण आणि मधे तपकिरी फट. मी छापखानेवाल्यावर चिडलो. तो शांतपणे म्हणाला, “साहेब, फाइलमध्ये होतं तेच छापलंय.” त्याचं बरोबर होतं.

हे असं का झालं ते समजायला भिंतीकडे जाऊ या.

कुडाची भिंत शेणामातीने सारवायची, त्यावर गेरू फासायचा. तांदूळ वाटून त्याचं पांढरं करायचं आणि टोकाला चावून मऊ केलेल्या बांबूच्या काडीने लिहायचं. इथला क्रम लक्षात ठेवा. आधी गडद, मग त्यावर पांढरं. पांढरा हा वरून ठेवलेला पदार्थ आहे. त्याला जाडी आहे, हात फिरवला तर बोटाला लागतो. माणसाचं अंग म्हणजे टोकाला टोक भिडलेले दोन त्रिकोण. ते भिडतात ती जागा एका ठिपक्याएवढी, आणि तिच्यावर सगळा माणूस तोललेला. नाचणारा वाकतो तो तिथूनच.

हे चित्र टिकवायसाठी नव्हतं. लग्न ठरलं की सवाशिणी चौक लिहायच्या, मधे पालघट देवी, धवलेरी गाणी म्हणायची. लग्न झालं, पावसाळा गेला, भिंत पुन्हा सारवली की चौक गेला. पुढच्या लग्नाला नवा. म्हणजे ‘प्रत’ ही कल्पनाच नव्हती. दर वेळी मूळच.

१९७०च्या दशकाच्या सुरुवातीला यात मोठा बदल झाला. अखिल भारतीय हस्तकला मंडळाकडून भास्कर कुलकर्णी डहाणू भागात आले. यांनीच त्याआधी, १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात, मधुबनीच्या बायकांना कागद नेऊन दिला होता. त्यामागे पुपुल जयकर यांची योजना होती. इकडे त्यांना गंजाडचे जिव्या सोमा म्हसे भेटले. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड गॅलरीत म्हस्यांच्या चित्रांचं प्रदर्शन झालं, २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते वारले. माणूस मोठाच. त्यांच्या रेषेत जी लगबग आहे ती मला दुसरीकडे दिसलेली नाही.

पण इतिहास सांगायचा तर दोन्ही बाजूंनी सांगावा. चित्र कागदावर आलं तसं ते बायकांच्या हातून बऱ्याच अंशी पुरुषांच्या हाती गेलं. चौक लिहिणाऱ्या सवाशिणीचं नाव कधी कुणी विचारलं नव्हतं. कागदावर सही आली, पण ती बहुतेक वेळा तिची नव्हती. आणि तांदळाच्या पिठाच्या जागी पांढरा पोस्टर कलर आला. क्रम मात्र तोच राहिला. आधी गेरू, वर पांढरं. पुढे स्क्रीन प्रिंटिंगने तपकिरी कापडावर वारली छापायला लागले तेव्हाही जाळीतून पांढरी शाईच वरून ओढत होते. भिंतीचं तर्कशास्त्र शाबूत होतं.

आता जरा लांबचा फेरा मारतो. चित्र एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूवर उतरवण्याचा धंदा जुना आहे. १७५६ साली इंग्लंडात लिव्हरपूलला जॉन सॅडलर आणि गाय ग्रीन या दोघांनी प्रतिज्ञापत्र केलं की आम्ही सहा तासांत बाराशेच्या वर फरशा छापल्या. तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, ते पातळ कागदावर घ्यायचं आणि ओला कागद फरशीवर दाबायचा. ट्रान्सफर म्हणतात तो हाच. हाताने रंगवणारा दिवसभरात किती फरशा करणार? आपल्याकडे १८९४ साली राजा रविवर्म्यांनी मुंबईत छापखाना काढला. तिथे एका तैलचित्राचे रंग वेगवेगळे करून प्रत्येक रंगाचा वेगळा दगड तयार करत. देवघरात लागलेली लक्ष्मी रविवर्म्यांची खरी, पण तिच्या गालावरची छटा दगडावर कुणीतरी दुसऱ्यानेच ठिपक्याठिपक्याने बसवलेली. त्या कारागिराचं नाव चित्राखाली नसे.

हा मधला माणूस माझ्या आजच्या बोलण्याचा नायक आहे. चित्रकार आणि यंत्र यांच्यामध्ये बसून तो ठरवतो की काय राहील आणि काय जाईल. आज तो जव्हारला, नाशिकला, पालघरला कोरल ड्रॉ उघडून बसलेला असतो. ऑपरेटर म्हणतो आपण त्याला.

आता सब्लिमेशन. १९४१ साली इंग्लंडात व्हिनफील्ड आणि डिक्सन यांनी पॉलिएस्टरचा धागा काढला. आपल्या वडीलधाऱ्यांना तो टेरिलिन म्हणून माहीत. हा धागा पाणी पीत नाही, म्हणून त्याला साधा रंग चढत नाही. त्याला डिस्पर्स डाय लागतात. फ्रान्समध्ये नोएल दे प्लास याच्या १९५७ साली लक्षात आलं की हे रंग तापवले की वितळत नाहीत, थेट त्यांची वाफ होते. कापूर जसा वितळायच्या आधीच उडतो, तसं. मग कागदावर छापायचं, कागद पॉलिएस्टरवर ठेवायचा, १९०-२०० अंशांना पाऊण-एक मिनिट दाबायचं. वाफ धाग्याच्या आत शिरते, थंड झाली की तिथेच अडकते. धुतलं तरी जात नाही. तुमच्या क्रिकेट टुर्नामेंटच्या जर्सी अशाच होतात. शुद्ध सुती कापडावर हे जमत नाही. मग जमतो तो काय, म्हणाल? त्यावर पॉलिएस्टरचा थर दिलेला असतो.

आणि इथे खरी गोम आहे. या यंत्रात पांढरी शाई नसते. निळी, किरमिजी, पिवळी, काळी, बस. पांढरं हवं असेल तर कापडच पांढरं पाहिजे आणि तिथे काही छापायचं नाही. म्हणजे बघा काय झालं. भिंतीवर पांढरं लिहायचे आणि गेरू मागे राहायचा. सब्लिमेशनमध्ये गेरू छापतात आणि पांढरं सोडून देतात. जे लिहिलं जायचं ते आता न छापलेली जागा आहे. पन्नास वर्षांच्या प्रवासात चित्र पहिल्यांदाच उलटं झालं ते इथे.

माझा फेर का तुटला ते आता कळेल. गेरूच्या रंगाची वाफ होते तेव्हा ती काठावर थोडी पसरते. दोन्ही बाजूंनी पांढऱ्यात शिरते. कंबर तर मुळात ठिपक्याएवढी! दोन्हीकडचा गेरू एकमेकांना भिडला आणि माणसाचे दोन तुकडे झाले. तारप्याचं टोक गेलं, बैलाचं शेपूट गेलं. भिंतीवर बारीक रेघ म्हणजे कसब. इथे बारीक रेघ म्हणजे धोका. अर्ध्या मिलिमीटरहून बारीक पांढरी रेघ मी आता सोडत नाही. कंबर थोडी जाड करतो, पण किती जाड? जास्त केली तर नाचणारा उभा राहतो, वाकत नाही. हे ठरवायला चित्र माहीत लागतं, नुसतं सॉफ्टवेअर येऊन भागत नाही.

फाइलच्या बाकी गोष्टी पटापट सांगतो. फोटो व्हॉट्सॲपवर साध्या पद्धतीने पाठवला की तो साधारण १६०० पिक्सेलवर येतो. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर १६०० भागिले ३००, सव्वापाच इंच. छातीवर बारा इंचांचं चित्र हवं असेल तर ३६०० पिक्सेल लागतात. उरलेले यंत्र अंदाजाने भरतं आणि कडा मळकट होतात. म्हणून फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो समोरून, सपाट उजेडात काढा.

ऑटो ट्रेसचं बटण मात्र मला आवडत नाही. ते काडीचा थरथरता काठ पुसून गुळगुळीत करतं. सगळे त्रिकोण एका मापाचे दिसायला लागतात आणि चित्र हॉटेलच्या मेन्यूकार्डावरच्या वारलीसारखं होतं. पेनटूलने हाताने गिरवा, वेळ लागू द्या.

गेरूच्या रंगाचं तर वेगळंच. कागदावर छापल्यावर तो फिका, मेलेला दिसतो. घाबरून कुणी फाइलमध्ये गडद केला की दाबल्यावर चॉकलेट होतं, कारण ही शाई उष्णतेने उजळते. कागद बघून निकाल देऊ नये, एक तुकडा दाबून बघावा. शक्य तर खऱ्या गेरूचा खडा शेजारी ठेवावा.

आणि आरसा. कागद उलटा ठेवून दाबतात म्हणून फाइल उलटी करून छापावी लागते. विसरलं तर ‘आदिवासी’ ही अक्षरं उलटी येतात आणि लगेच कळतं. पण नुसतं चित्र असेल तर? तारप्याचा फेर उलट्या दिशेने फिरायला लागतो आणि छापखान्यात कुणाच्याही लक्षात येत नाही. तुमच्या येईल.

गेल्या काही वर्षांत डीटीएफ आलं आहे. त्यात पांढरी शाई असते आणि मागून चिकट पावडर लावतात. गेरूच्या रंगाचा सुती टी-शर्ट घेतला की पांढरं चित्र पुन्हा वरून बसतं, बोटाला लागतं. भिंतीचा क्रम परत आला म्हणायचा. फाइलला मागचा रंग ठेवायचा नाही, पीएनजी पारदर्शक हवी. इथेही बारीक रेघेवर पावडर धरत नाही आणि दोन धुण्यांत ती सुटते. कंबर इथेही नाजूकच.

राहिला नावाचा प्रश्न. वारली चित्राला २०१४ साली भौगोलिक निर्देशन मिळालं. डहाणूच्या आदिवासी युवा सेवा संघाने त्यासाठी अर्ज केला होता. त्याने ‘वारली चित्र’ या नावाला संरक्षण आहे. पण एखादीने लिहिलेलं विशिष्ट चित्र तिचं, हे १९५७च्या कॉपीराइट कायद्याने ठरतं. तिच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षं. त्याच कायद्याचं कलम १५ मात्र वाचून ठेवा. जी रचना डिझाइन कायद्याखाली नोंदवता आली असती पण नोंदवली नाही, ती हक्कदाराने किंवा त्याच्या परवानगीने यंत्राने पन्नासाहून जास्त वेळा वस्तूंवर छापली, की तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. मुळात कलाकृती म्हणून केलेलं चित्र आणि वस्तूसाठी केलेलं डिझाइन यांत कोर्टं फरक करतात. म्हणून परवानगी तोंडी देऊ नका. किती नगांसाठी, कशावर, किती पैशांत, हे कागदावर घ्या.

कायद्याच्या बाहेरचंही एक आहे. नाच, शेती, मासेमारी, झाडं खुशाल छापा. पालघट देवीचा चौक मगावर छापावा का? माझं मत, नको. तो एका लग्नासाठी लिहिला जातो आणि मगात सकाळी चहा पितात. पण हे बाहेरच्या माणसाचं मत झालं. इथल्या धवलेरींना विचारा. त्या हो म्हणाल्या तर मी माझं मागे घेईन.

मी ती चाळीस टी-शर्टांची फाइल नंतर उघडून पाहिली. तिचं नाव होतं ‘वारली फायनल दोन’. ज्या बाईने ती भिंत लिहिली तिचं नाव ना फाइलला, ना टी-शर्टच्या गळ्याच्या आतल्या बाजूला. भिंतीचा फोटो काढताना मी ते विचारलंही नव्हतं. परत जाऊन विचारलं. आता फाइलचं नाव तिच्या नावाने सुरू होतं, आणि गळ्याच्या आत अर्ध्या इंचाच्या अक्षरांत ते छापतो. खर्च काही वाढत नाही, कारण ती शाई त्याच कागदावर मावते.

लॅपटॉप आणलाय, प्रोजेक्टर लागतोय असं दिसतंय. तीच फाइल उघडतो. ज्यांना चौक लिहिता येतो त्यांनी पुढे या, पहिल्या नाचणाऱ्याची कंबर किती ठेवायची ते तुम्ही सांगा, मी माऊस धरतो.