एका रिकाम्या जागेची किंमत

मोडी दप्तर चाळलेल्या नगरकरांस एक अडचण चांगली ठाऊक असते. मोडीत दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची चाल नाही. शब्द कोठे तोडावा हे वाचणाऱ्याने ठरवायचे, आणि भलत्या ठिकाणी तोडला की अर्थाचा अनर्थ! संगणकाच्या इतिहासात नेमका याच्या उलट प्रकार घडला. 2011 साली बंबलबी नावाच्या एका प्रणालीच्या स्थापनालेखात काही पुसून टाकण्याचा हुकूम होता. पुसायची होती ‘यूएसआर’ या मोठ्या कप्प्याच्या पोटातली एक लहानशी वस्तू. तिच्या नावात चुकून एक रिकामी जागा पडली, एका नावाची दोन नावे झाली, आणि ज्यांनी तो लेख चालविला त्यांच्या यंत्रातला सबंध कप्पाच साफ झाला. लिनक्स यंत्रातले बहुतेक कार्यक्रम त्याच कप्प्यात राहतात.

असे होते, कारण प्रणालीचे गाठोडे, म्हणजे पॅकेज, यंत्रात शिरते ते घरधन्याचे सारे अधिकार घेऊन; पाहुण्याच्या हाती कोठाराच्या किल्ल्या द्याव्यात तसे. 1993 साली इयन मर्डॉक यांनी आरंभिलेल्या डेबियन या उपक्रमात यावर उपाय निघाला. लार्स विर्झेनियस या फिनलंडच्या गृहस्थांनी 2005 साली ‘पियुपार्ट्स’ हा परीक्षक कार्यक्रम लिहिला. त्याची रीत जुन्या वाड्यातल्या चोख कारभाऱ्याची आहे. आधी एक कोरे, बंदिस्त घर उभारून आतल्या फायलींची यादी करायची. मग गाठोडे आत घ्यायचे, पुढे समूळ काढून टाकायचे, आणि नवी यादी पहिलीशी ताडून पाहायची. काही मागे उरले किंवा दुसऱ्याचे काही नाहीसे झाले, तर गाठोडे नापास. गाठोडी हजारो, माणूस कंटाळून चुकेल, यंत्र कंटाळत नाही.

हे दूरचे प्रकरण नव्हे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकने ‘बॉस’ ही मराठीतही चालणारी प्रणाली डेबियनच्याच पायावर रचली आहे.

बंबलबीचा तो लेख डेबियनच्या भांडारातून आला नव्हता, म्हणून या कारभाऱ्यापुढे तो कधी उभा राहिलाच नाही. पण आम्हांस कारभाऱ्याची मर्यादाही दिसते: त्याचे घर कोरे असते, आपली घरे वर्षानुवर्षांच्या सामानाने भरलेली. 2015 च्या जानेवारीत ‘स्टीम’ या खेळांच्या प्रणालीने असाच घात केला. एका गृहस्थांनी तिचा कप्पा हलवून दुसरीकडे ठेवला होता. तो तिला सापडेना, तेव्हा तिच्या लेखातला पुसण्याचा हुकूम त्यांच्या सर्व फायलींवर चालला. बाहेरच्या डिस्कवर जपलेल्या राखीव प्रतीही त्यातच गेल्या.