आधी इंजिन चालू, मग डिपस्टिक बाहेर

बाईकचं ऑइल चेक करायला तुम्हाला काकांनी किंवा गॅरेजवाल्याने शिकवलं असेल, तर पहिला धडा हाच असणार: इंजिन बंद कर, दोन मिनिटं थांब, मग बघ. आज याच्या बरोब्बर उलटा धडा. अमेरिकेतल्या मोटारहोमच्या, म्हणजे चाकांवरच्या घराच्या, ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल बघायचं तर बहुतेक जुन्या गाड्यांत इंजिन चालू लागतं, तेल तापलेलं लागतं आणि गाडी सपाट जागेवर लागते. असं का? आणि या तेलात देवमासा कुठून आला?

सुरुवात १९३९ ची. जनरल मोटर्सने १९४० च्या ओल्ड्समोबील मॉडेलसाठी 'हायड्रा-मॅटिक' आणला. क्लच पेडलच नाही. दुसऱ्या महायुद्धात हाच गिअरबॉक्स अमेरिकेच्या एम-५ स्टुअर्ट रणगाड्यातही बसला. यातलं तेल फक्त वंगण नव्हतं बरं का. इंजिनची ताकद चाकांकडे नेणं, आतले क्लच दाबून गिअर बदलणं आणि वर सगळी उष्णता बाहेर काढणं, ही कामंही त्याचीच. म्हणजे तेल हाही एक पार्टच.

त्यासाठी १९४९ मध्ये 'टाइप ए' नावाचं ठरावीक तेल आलं आणि त्यात स्पर्म व्हेलचं तेल घातलेलं असायचं. या देवमाशाच्या डोक्यातून निघणारं तेल खरं तर पातळ मेणच. ते तापलं तरी लवकर बिघडत नाही आणि त्याने क्लचच्या चकत्या झटका न देता एकमेकींना धरतात. म्हणजे डेट्रॉइटच्या गाडीत गिअर मऊ पडावा म्हणून समुद्रात देवमासे मारले जात होते. चालवणाऱ्यांपैकी किती जणांना हे ठाऊक असेल?

१९७० मध्ये अमेरिकेने स्पर्म व्हेलला धोक्यातल्या प्राण्यांच्या यादीत टाकलं. मग पर्यायी रसायनं शोधणं भाग पडलं आणि १९७३ च्या सुमारास 'डेक्सरॉन टू' आलं. देवमासा सुटला, पण नवं तेल पहिल्या फटक्यात जमलं नाही. त्याच्या एका प्रकाराने तेल थंड करणाऱ्या कूलरमधले डाग, म्हणजे सोल्डरचे जोड, खायला सुरुवात केली आणि फॉर्म्युला पुन्हा बदलावा लागला.

नेमक्या याच वर्षांत मोटारहोम जोरात होते. जीएमसीचा मोटारहोम १९७३ ते १९७८ बनला. त्यात ओल्ड्समोबील टोरोनॅडोचं इंजिन आणि टर्बो-हायड्रामॅटिक ४२५ गिअरबॉक्स, पुढच्या चाकांना जोडलेला. कारसाठी बनलेल्या गिअरबॉक्सवर आता अख्खं घर ओढायची वेळ. घाट चढताना तेल किती तापत असेल, कल्पना करा! त्यामुळे पातळी बघणं ही चैन नव्हती.

आता चालू इंजिनचं कारण. इंजिन बंद झालं की टॉर्क कन्व्हर्टरमधलं काही तेल खाली पॅनमध्ये उतरतं आणि डिपस्टिकवर पातळी खोटी वर दिसते. शिवाय तेल तापलं की फुगतं, म्हणून गरम आणि थंडची खूण वेगळी. कमी पडलं तर पंप हवा ओढतो आणि क्लच घसरून जळतात. 'थोडं जास्तच घालूया' म्हणाल, तर फिरणारे गिअर तेलाचा फेस करतात. फेस म्हणजे पुन्हा हवाच.

आणि खरी गोची पुढेच आहे. जीएमसीमध्ये लिव्हर 'पार्क'मध्ये ठेवून बघायचं. पण शेजारीच उभ्या असलेल्या डॉज चॅसीवरच्या विनेबॅगोत क्रायस्लरचा टॉर्कफ्लाइट, तिथे 'न्यूट्रल' हवं. त्या गिअरबॉक्समध्ये 'पार्क'वर कन्व्हर्टरकडे तेल जात नाही. मग पातळी जास्त दिसते, तुम्ही खूश होऊन निघता, आणि आत तेल कमीच. शेजाऱ्याचा सल्ला मनापासूनचा असतो हो, पण तो त्याच्या गाडीचा! म्हणून आधी आपल्या गाडीचं मॅन्युअल उघडायचं.

पुढे डिपस्टिकच गायब व्हायला लागली. मोटारहोमसाठी वापरल्या गेलेल्या काही जुन्या स्प्रिंटर व्हॅनमध्ये नळी आहे, पण वर सीलबंद झाकण; आत घालायची पट्टी फक्त वर्कशॉपकडे. मला हा प्रकार अजिबात पटत नाही. मोठ्या डिझेल मोटारहोममधल्या अ‍ॅलिसनच्या बऱ्याच गिअरबॉक्समध्ये मात्र सेन्सर आला. गाडी थांबवायची, न्यूट्रल करायचं आणि गिअर पॅडवरचे वर-खालीचे दोन्ही बाण एकदम दाबायचे. तेल अजून स्थिरावत असेल तर आकडे आठपासून उलटे मोजले जातात. मग पॅडवर 'ओके' येतं, नाहीतर 'लो' आणि पुढे आकडा. आकडा २ असेल तर दोन क्वार्ट, म्हणजे साधारण दोन लिटर, तेल कमी आहे.