धर्मादाय निवास आणि विश्वस्तांचे दायित्व

इंग्लंडमधील खेड्यांत निर्धन वृद्धांसाठी दानशूरांनी बांधलेल्या निवासांना 'आम्सहाउस' म्हणतात. त्यांपैकी कित्येक विकले जाऊन खाजगी घरे झाली आहेत. आपल्याकडेही निराधारांसाठी अशा वास्तू उभ्या राहिल्या. पनवेल तालुक्यात नेरे येथील 'शांतिवना'त कुष्ठरुग्णांना व वृद्धांना आसरा मिळाला. याच तालुक्यात २०२५ मध्ये विमानतळ सुरू झाला असून जमिनीचे मोल चढले आहे. अशा वेळी कायद्याची जाण हवी. महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाच्या इमारतीची विक्री किंवा ३ वर्षांहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा १९५० च्या अधिनियमातील कलम ३६ अन्वये धर्मादाय आयुक्तांच्या मंजुरीविना वैध ठरत नाही. व्यवहार न्यासाच्या हिताचा आहे काय, हे आयुक्त पाहतात. विश्वस्त हे मालक नव्हेत. ज्यांच्यासाठी दान झाले, त्यांच्या हक्काचे ते राखणदार होत.