कनेक्टिकटची सनद : दंतकथा व दप्तर

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांपैकीं कनेक्टिकट ह्या संस्थानाच्या इतिहासांत एक सनद लपविल्याची हकीकत प्रसिद्ध आहे. जुन्या कागदांचा संग्रह करणाऱ्यांस ती विचारार्ह वाटेल.

इंग्लंडचा राजा दुसरा चार्लस ह्यानें इ. स. १६६२ त ह्या वसाहतीस चर्मपत्रावर लिहिलेली सनद दिली. तीअन्वयें वसाहतवाल्यांस आपला गव्हर्नर आपणच निवडण्याचा अधिकार मिळाला. पुढें दुसऱ्या जेम्सनें त्या बाजूच्या वसाहती एका अंमलाखालीं आणण्याचें ठरविलें, व त्याचा गव्हर्नर सर एडमंड अँड्रॉस हा ३१ ऑक्टोबर १६८७ रोजीं हार्टफर्ड येथें आला. दंतकथा अशी कीं, वादविवादांत रात्र पडली, मेणबत्त्या एकाएकीं विझल्या, आणि त्या पुन्हां लावून पाहतात तों मेजावरील सनद नाहींशी झालेली! कॅप्टन जोसेफ वॉड्सवर्थ ह्यानें ती एका ओक वृक्षाच्या ढोलींत लपविली.

ही हकीकत कितपत ग्राह्य? त्या दिवशींच्या सरकारी दप्तरांत अँड्रॉसनें कारभार हातीं घेतल्याची नोंद असून शेवटीं ‘समाप्त’ ह्या अर्थाचा शब्द आहे. मेणबत्त्या वा वृक्ष ह्यांचा उल्लेख नाहीं. वृक्षाची कथा बेंजामिन ट्रंबुलच्या १७९७ च्या इतिहासांत येते, म्हणजे ११० वर्षांनंतर. तथापि तेवढ्यावरून ती सर्वस्वीं टाकाऊ ठरत नाहीं. मे १७१५ त वसाहतीच्या सभेनें वॉड्सवर्थ ह्यास, बिकट प्रसंगीं सनदेची दुसरी प्रत सुरक्षित राखल्याबद्दल, २० शिलिंग मंजूर केले. तात्पर्य, सनद राखली हें दप्तरानें सिद्ध आहे. अंधार व ढोली हीं केवळ परंपरागत होत.

ह्या राखणीस फळही आलें. एप्रिल १६८९ त अँड्रॉस बोस्टन येथें कैद झाला, आणि मे महिन्यांत कनेक्टिकटनें जुना कारभार पुन्हां चालू केला. सनद रीतसर परत केलेली नव्हती, म्हणून ती कायम मानली गेली व १८१८ पर्यंत राज्यकारभारास आधारभूत राहिली.

तो वृक्ष २१ ऑगस्ट १८५६ रोजीं कोसळला. लोकांनीं त्याच्या लांकडाच्या वस्तू करून जतन केल्या. १९९९ त त्याचें चित्र नाण्यावरही आलें. सनदेच्या दोन प्रतींपैकीं मात्र एकच शाबूत आहे. दुसरीचा निव्वळ तुकडा उरला आहे. ज्याला पुरावा नाहीं त्या झाडाचें लांकूड जपलें गेलें, आणि पुरावाच असलेलें चर्मपत्र फाटलें, ही गोष्ट संग्राहकांनीं ध्यानांत ठेवावी.