रक्ताला रंग देणारे जपानी

मंडळी, सोनोग्राफी आपल्या ओळखीची. पण पडद्यावर लाल-निळं वाहणारं रक्त दिसतं, त्यामागे आपण राहतो त्या जपानची मेहनत आहे.

ओसाका विद्यापीठातल्या शिगेओ सातोमुरा यांनी १९५०च्या दशकात डॉप्लर तत्त्वाने आधी हृदयाची हालचाल, मग रक्ताचा प्रवाह टिपला. १९६० साली ते अकाली गेले. पुढे आलोका कंपनीतल्या चिहिरो कासाई, कोरोकु नामेकावा यांनी ऑटोकोरिलेशनचं गणित लावलं. एकामागून एक येणारे प्रतिध्वनी एकमेकांशी ताडायचे, की वेग तिथल्या तिथे मिळतो! १९८५ साली हे तंत्र शोधनिबंधात आलं.

गाठीला वाढायला नव्या रक्तवाहिन्या लागतात, असं अमेरिकेत ज्यूडा फोकमन यांनी १९७१ सालीच मांडलं होतं. १९८९ मध्ये लंडनच्या डॉक्टरांनी हे दोन्ही धागे जोडून अंडाशयाच्या गाठींमधला प्रवाह रंगीत डॉप्लरने पाहिला.

अर्थात साध्या गाठीतही रक्त खेळतं. नुसत्या रंगावरून निदान होत नाही. शेवटचा शब्द पॅथॉलॉजिस्टचाच. आणि अंडाशयाचा कॅन्सर बऱ्याचदा उशिरा कळतो. तेव्हा घरातल्या बायकांनो, पोट सतत फुगल्यासारखं वाटत असेल तर ‘गॅसेस असतील’ म्हणून सोडून देऊ नका, डॉक्टरांना दाखवा.