मुंबईच्या चाळी आणि भाड्यातील तूट

वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाईल रोड येथील बीडीडी चाळींत ज्यांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या, त्यांना खोली केवढी असे विचारले, तर ‘१६० चौरस फूट’ हे उत्तर तत्काळ मिळते. ‘बीडीडी’ म्हणजे काय, असे विचारले तर मात्र पुष्कळांना क्षणभर आठवावे लागते. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे ते खाते. खाते थोड्याच वर्षांत गुंडाळले गेले; त्याची तीन अक्षरे तेवढी शंभर वर्षे चाळींच्या भिंतींना चिकटून राहिली.

ह्या चाळींविषयी बोलताना ‘सरकारने गरिबांना घरे दिली’ असे वाक्य सहज उच्चारले जाते. त्यातील ‘दिली’ हे क्रियापद जरा तपासून पाहावे, एवढाच आमचा हेतू आहे. घर बांधण्यास जो खर्च येतो तो वसूल होईल असे भाडे गिरणीकामगाराला, हमालाला, झाडूवाल्याला परवडत नाही. परवडणारे भाडे घ्यावे तर खर्च भरून निघत नाही. ही तूट जगातील प्रत्येक मोठ्या शहरात पडते. मुंबईत ती वेळोवेळी कोणी सोसली, ह्याचा शोध घेतला म्हणजे त्या त्या काळची घरे तशी का बांधली गेली, हेही उलगडू लागते.

आरंभ प्लेगापासून करावा लागतो. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी हा रोग ओळखला आणि पुढच्या काही महिन्यांत निम्मे शहर गावाकडे पळाले. मांडवी-नागपाड्याच्या अंधाऱ्या घरांत माणसे त्यापूर्वीही मरतच होती, पण त्यामुळे कोणाची झोप उडाल्याचे दिसत नाही. आता मात्र गिरण्यांना माणसे मिळेनात आणि परदेशी बंदरे मुंबईच्या मालाकडे संशयाने पाहू लागली. तेव्हा १८९८ साली खास कायदा होऊन बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टवर सरकारी अधिकारी होते. नगरपालिका, व्यापारी मंडळ, बंदराचे विश्वस्त आणि गिरणीमालक यांचे प्रतिनिधी होते. ज्यांची घरे पाडावयाची होती, त्यांचा कोणीही नव्हता.

ट्रस्टला सरकारी व नगरपालिकेच्या मोकळ्या जमिनी मिळाल्या, कर्जरोखे काढण्याचा अधिकार मिळाला आणि नगरपालिकेच्या उत्पन्नातील काही हिस्साही मिळाला. हिशेब असा होता की दाट वस्ती पाडावी, रुंद रस्ते काढावेत, दोन्ही बाजूंच्या जमिनीचा भाव वाढला म्हणजे ती पट्ट्याने देऊन कर्ज फेडावे. सँडहर्स्ट रोड आणि प्रिन्सेस स्ट्रीट हे ह्याच हिशेबातून निघाले. समुद्राचा वारा शहराच्या पोटात शिरावा, हे त्या रस्त्यांचे प्रयोजन सांगितले जाई. वारा शिरला हे खरे. पण जे लोक तेथून उठले, ते कामापासून दूर जाऊ शकत नव्हते. ते शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या चाळींत जाऊन राहिले आणि तेथील दाटी वाढली. ट्रस्टचे अध्यक्ष ऑर हे प्रामाणिक आणि कमालीचे चिकाटीचे गृहस्थ होते. दोन इमारतींत किती अंतर असले म्हणजे तळमजल्यावर उजेड पोहोचेल, ह्याचा त्यांनी ६३½ अंशांचा नियम बसवला आणि तो वर्षानुवर्षे सांगत राहिले. मात्र उजेडाचा कोन बसवता आला, तसा भाड्याचा कोन काही त्यांना बसवता आला नाही.

तरी ट्रस्टने आग्रीपाडा, नागपाडा, परळ इत्यादी ठिकाणी चाळी बांधल्या आणि त्या टिकल्या, हे नमूद केलेच पाहिजे. परळच्या पोयबावडीतील ट्रस्टच्या चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे वास्तव्य सुमारे दोन दशके होते. ट्रस्टची खरी शोभा मात्र उत्तरेकडे, दादर-माटुंग्याला दिसली. तेथे सरळ रस्ते, झाडे, बागा आणि मध्यमवर्गाच्या टुमदार वसाहती उठल्या. जमिनीच्या वाढत्या भावावर चालणाऱ्या संस्थेचे लक्ष भाव देऊ शकणाऱ्याकडे वळणार, ह्यात नवल नाही. १९३३ साली ट्रस्ट नगरपालिकेत विलीन झाला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात भाडी इतकी चढली की १९१८ मध्येच सरकारला भाडे-नियंत्रणाचा पहिला कायदा करावा लागला. १९१९ आणि १९२० ह्या वर्षांत गिरण्यांत मोठे संप झाले. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड हे मोठ्या योजनांचे माणूस होते. १९२० साली त्यांनी डेव्हलपमेंट खाते उभारले आणि दोन कामे एकदम हाती घेतली : एक, बॅकबेचा समुद्र हटवून जमीन काढणे, दुसरे, कामगारांसाठी ५०,००० खोल्या बांधणे. पहिल्या कामाची कथा वेगळी आहे. वीर नरिमन यांनी त्यातील गैरव्यवहार चव्हाट्यावर आणला आणि ‘लॉइडचा वेडेपणा’ असे त्या भरावाचे नावच पडले. आम्हांस येथे खोल्यांशी काम आहे.

त्यांच्या तुटीसाठी नवीच वाट काढण्यात आली. मुंबईत येणाऱ्या कापसाच्या दर गासडीवर एक रुपया जकात बसवली गेली. कल्पना वरवर न्याय्य दिसते. कापसावर शहर श्रीमंत झाले, तर कापसानेच कापड विणणाऱ्याच्या खोलीला हातभार लावावा. पण व्यापारी असा कर आपल्या नफ्यातून सहसा देत नाही. वऱ्हाड-खानदेशच्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावातून तो कापून घेण्याची वाट त्याला मोकळी असते. तेव्हा परळच्या कामगाराला मिळालेल्या सवलतीत अकोल्याकडच्या कास्तकाराचाही वाटा होता, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

५०,००० चा संकल्प १६,००० च्या आसपास येऊन थांबला. एकूण २०७ चाळी झाल्या. त्यांपैकी १२१ वरळीस, ४२ नायगावास, ३२ डिलाईल रोडला आणि १२ शिवडीस होत्या. तळमजला आणि वर तीन मजले, मजल्यावर २० खोल्या, मधून लांब बोळ, संडास सामाईक. भिंती सिमेंट काँक्रीटच्या. त्या काळी ही मोठी आधुनिक गोष्ट मानली गेली. परंतु घरे तयार झाली आणि त्यांत राहावयास माणसे मात्र येईनात. घरांची एवढी टंचाई असलेल्या शहरात वरळीच्या चाळीच्या चाळी रिकाम्या पडून राहिल्या!

ह्याचे कारण कामगाराच्या अडाणीपणात शोधण्याची त्या वेळी काही साहेबलोकांना सवय होती. कारण अगदी व्यवहारातले होते. कोकणातून वा घाटावरून आलेला माणूस गिरणीत लागत असे तो जॉबरच्या ओळखीने, आणि ती ओळख वस्तीतच राखावी लागे. पगार महिन्याने होई. तोवर वाणी उधार देई, तो नेहमीच्या गल्लीतला वाणी. जेवण खानावळवालीकडे. आजारपण आले तर पाहावयास गाववाले, तेही त्याच गाळ्यात. संप झाला की ह्याच चार धाग्यांवर सगळे तगत असे. वरळीला खोली थोडी स्वस्त असली तरी ती गिरण्यांपासून दूर होती. बाजार नाही, रस्त्यावर पुरेसे दिवे नाहीत, वाहन नाही. उलट डिलाईल रोड आणि नायगाव येथील चाळी गिरण्यांच्या जवळ होत्या, म्हणून त्या लवकर भरल्या. १९३१ साली मजूरविषयक रॉयल कमिशननेही वरळीच्या ह्या गैरसोयींकडे बोट दाखवले. घर म्हणजे चार भिंती असा हिशेब ज्यांनी केला, त्यांच्या वहीत उधारीचा वाणी कोठेच नव्हता.

सविनय कायदेभंगाच्या काळात सरकारला ह्या रिकाम्या खोल्यांचा एक उपयोग सापडला. सत्याग्रहींसाठी वरळीस तात्पुरता तुरुंग उघडण्यात आला. कामगारांच्या सोयीसाठी उभारलेल्या इमारती कैद्यांच्या सोयीच्या ठरल्या, ह्यावर अधिक भाष्य करण्याची गरज नाही. पुढे दुसऱ्या महायुद्धात शहर फुगले आणि मग ह्याच चाळींत एका खोलीत आठ-दहा माणसे राहू लागली. बोळात मुले अभ्यास करीत, चौकात गणपती बसे, भीमजयंती साजरी होई, कबड्डीचे सामने रंगत. ज्या बोळाला स्थापत्यकारांनी केवळ जाण्यायेण्याची वाट समजून आखले, तो बोळ ह्या लोकांची बैठकीची खोली झाला. त्याच वरळीत १९७४ च्या जानेवारीत सवर्ण आणि दलित वस्त्यांत दंगल पेटली, हेही विसरता कामा नये. चाळीचे गुणगान गाताना आम्ही मराठी लेखक हा भाग फार लवकर ओलांडतो.

तुटीचा तिसरा धनी झाला खाजगी घरमालक. १९४७ च्या भाडे-नियंत्रण कायद्याने भाडे १९४० च्या सप्टेंबरातील पातळीला बांधून टाकले. महायुद्ध, फाळणी आणि महागाई ह्यांत भाडेकरूला ह्या कायद्याने वाचवले. तो नसता तर गिरगाव, लालबाग, गिरणगाव ह्यांचे आपल्याला माहीत असलेले रूप उरलेच नसते. पण तात्पुरता म्हणून केलेला कायदा वर्षानुवर्षे वाढत गेला. सवलत जाहीर केली सरकारने आणि ती द्यावयास लावली मालकाला. मालकाने दुसऱ्या वाटेने हिशेब चुकता केला : दुरुस्ती थांबवली आणि पागडी घेऊ लागला. इमारती कोसळू लागल्या, तेव्हा १९६९ साली दुरुस्ती मंडळ निर्माण करून उपकर बसवावा लागला. त्या वेळी उपकराखाली आलेल्या इमारतींची संख्या १९,६४२ होती. म्हणजे भाड्यात वाचलेले पैसे भाडेकरू पागडीत, उपकरात आणि टेकू लावलेल्या जिन्यावरून रोज जीव मुठीत धरून उतरण्यात फेडीत राहिला. गोठवलेले भाडे आता अवास्तव झाले आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये म्हटले. २००० च्या मार्चअखेरीस नवा कायदा अमलात येऊन दरसाल चार टक्के वाढीची मुभा मिळाली.

तूट उघडपणे सरकारी तिजोरीतून सोसण्याचा खरा प्रयत्न एकदाच झाला, असे आमचे मत आहे. १९४८ च्या कायद्याने गृहनिर्माण मंडळ आले आणि १९५२ पासून औद्योगिक कामगारांसाठी केंद्र सरकारच्या अनुदानाची योजना सुरू झाली. विक्रोळीचे कन्नमवारनगर, कुर्ल्याचे नेहरूनगर, चेंबूरचे टिळकनगर ह्या मंडळाच्या वसाहती. स्वतंत्र मोरी-संडास असलेले छोटे घर, समोर मोकळे मैदान, शाळा जवळ. थाट काहीच नव्हता. परंतु ह्या घरांतून शिकून निघालेली पिढी पाहिली म्हणजे त्या अनुदानाचे चीज झाले असे वाटते. गरजेच्या मानाने घरे फार थोडी होती, आणि अंदाजपत्रकात दरवर्षी तुटीचा आकडा उघडा दिसतो हे कोणत्याच सरकारला फार दिवस रुचत नाही. १९७७ साली म्हाडा आले तोवर शहराचा मोठा हिस्सा झोपडपट्टीत राहू लागला होता.

झोपडपट्टीविषयी धोरण प्रथम पाडण्याचे, मग १९७१ च्या कायद्याने सुधारण्याचे आणि १९७६ च्या गणनेनंतर ओळखपत्र देण्याचे होत गेले. १९८१ च्या पावसाळ्यात पदपथवासीयांना शहराबाहेर धाडण्याचा प्रयत्न झाला. त्यावरील खटल्यात उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये मान्य केले. मात्र सूचना देऊन हटवण्याचा पालिकेचा अधिकार कायम ठेवला. कामाच्या जागेपासून घर तोडले की पोट तुटते, ही वरळीच्या रिकाम्या चाळींनी सांगितलेलीच गोष्ट अखेर न्यायालयाच्या भाषेत आली.

१९९५ साली चौथा धनी सापडला. झोपडीवासीयाला २२५ चौरस फुटांचे घर फुकट मिळावे. विकासकाने ते बांधावे. मोबदल्यात त्याला वाढीव चटईक्षेत्र मिळून उरलेली घरे त्याने बाजारात विकावीत. पाच वर्षांत ४० लाख लोकांना घरे देण्याची घोषणा झाली. प्रत्यक्ष काम त्याच्या जवळपासही पोहोचले नाही. सरकारला ह्यात पैसा घालावा लागत नाही, म्हणून ही युक्ती प्रत्येक पक्षाला आवडली आणि घराचा आकार मागाहून वाढतही गेला. तूट आता बाजारात घर घेणारा भरतो. पण म्हणूनच जेथे जमीन महाग तेथे योजना धावते, जेथे स्वस्त तेथे रखडते. गरज कोठे अधिक आहे, हा प्रश्न ह्या हिशेबात येतच नाही. शिवाय विक्रीच्या मनोऱ्यासाठी मोकळी जागा उरावी म्हणून पुनर्वसनाच्या इमारती एकमेकींना अशा खेटून उभ्या राहिल्या, की ऑर साहेबांचा ६३½ अंशांचा उजेड शोधावयास दिवसा दिवा लावावा लागावा.

बीडीडी चाळींनाही शेवटी हाच हिशेब लागू झाला; फरक एवढाच की जमीन सरकारी, म्हणून काम म्हाडाकडे आले. १६० फुटांच्या बदल्यात ५०० फुटांचे घर द्यावयाचे आणि उरलेल्या जागेवरील विक्रीतून खर्च काढावयाचा. २०१७ मध्ये कामाचा नारळ फुटला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीतील पहिल्या ५५६ कुटुंबांना किल्ल्या मिळाल्या. एके काळी ज्या वरळीस कोणी राहावयास येईना, तिची जमीन आता इतकी मोलाची झाली आहे की तिच्या भावावर हे सारे उभे राहू शकते. स्वतःचा संडास, स्वतःचे स्वयंपाकघर, खिडकीतून समुद्र : शंभर वर्षे सामाईक नळावर रांग लावलेल्या घरातील बाईला ह्याचे मोल आम्ही सांगावयास नको. मनोरा ४० मजली आहे. उद्वाहने, पाण्याचे पंप, अग्निशमनाची यंत्रे आणि त्यांचे मासिक बिल त्याच्याबरोबर आले. आरंभीची काही वर्षे देखभाल म्हाडा करणार आहे. त्यानंतरचे बिल त्या किल्लीबरोबर त्याच कुटुंबाच्या हाती येईल.