विमानाची इंजिने : संख्या व स्वातंत्र्य

आकाशात इंजिन बंद पडले की विमान दगडासारखे खाली यावयाचे, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिती निराळी आहे. विमानास तोलून धरतात ते त्याचे पंख. इंजिनाचे काम त्यास पुढे ढकलण्याचे. पुढची गती कायम असेतोपर्यंत पंख आपले कर्तव्य सोडीत नाहीत, आणि इंजिने थांबल्यावर ती गती उंची खर्चून मिळविता येते. मोठे प्रवासी जेट विमान एक किलोमीटर उंची गमावून सुमारे पंधरा किलोमीटर अंतर काटू शकते. एकच इंजिन गेले तर तेवढीही पाळी येत नाही. धावपट्टीवर ठराविक वेग गाठल्यानंतर एक इंजिन बंद पडले तरी उरलेल्यांच्या बळावर उड्डाण पुरे करता आले पाहिजे, ही अट पाळल्यावाचून अशा विमानास परवानाच मिळत नाही. तेव्हा खरे भय कशाचे, याचा शोध इतिहासातच घेतला पाहिजे.

प्रारंभी सारा भरवसा संख्येवर होता. पिस्टनची इंजिने वारंवार बिघडत. म्हणून १९५३ साली अमेरिकेत असा नियम झाला की, दोन इंजिनांच्या विमानाने एका इंजिनावर साठ मिनिटांत विमानतळ गाठता येईल इतक्याच अंतरात राहावे. साहजिकच महासागरांवरील दूरचे मार्ग बहुतांशी अधिक इंजिनांच्या विमानांकडे गेले. यामागील गणित सोपे होते. एक इंजिन बिघडण्याचा संभव हजारात एक मानला, तर दोन्ही एकदम बिघडण्याचा संभव दहा लाखांत एक. परंतु या गुणाकारास एक अट आहे, व तिचा विसर पडणे सोपे असते : एका बिघाडाचा दुसऱ्याशी काही संबंध असता कामा नये.

ती अट किती मोलाची, हे २४ जून १९८२ च्या रात्री दिसून आले. ब्रिटिश एअरवेजचे बोइंग ७४७ लंडनहून निघून मुंबई, मद्रास व क्वालालंपूर येथे थांबत पर्थकडे चालले होते. विमानात २६३ माणसे होती. जावा बेटावरील गालुंगगुंग ज्वालामुखीची राख ३७,००० फुटांवर पसरली होती. ती कोरडी असल्यामुळे आर्द्रता टिपणाऱ्या रडारवर दिसली नाही. राख इंजिनांत वितळून आतील पात्यांवर चिकटली आणि काही मिनिटांत चारही इंजिने एकामागून एक विझली. कप्तान एरिक मूडी व त्यांचे सहकारी विमान तरंगत खाली आणीत असता इंजिने पुन्हा पेटविण्याचा यत्न करीत राहिले. थंड झालेली राख कडक होऊन बरीचशी गळून पडली, आणि सुमारे साडेतेरा हजार फुटांवर पहिले इंजिन चालू झाले. मागोमाग इतरही झाली. त्यांतील एक पुढे पुन्हा बंद करावे लागले. राखेने घासून समोरची काच आंधळी झाली होती, तरी विमान जकार्तास सुखरूप उतरले. चार इंजिने होती खरी. पण ती श्वास घेत होती एकाच हवेत.

निसर्गाने जे केले ते मनुष्याच्या हातूनही घडू शकते. ५ मे १९८३ रोजी मायामीहून नासाऊकडे निघालेल्या ईस्टर्न कंपनीच्या तीन इंजिनी विमानात १७२ माणसे होती. देखभाल करताना तिन्ही इंजिनांत तेल अडविणारी रबरी कडी बसवावयाची राहून गेली होती. तिन्हींतून तेल गळू लागले. एक इंजिन वैमानिकांनी स्वतः बंद केले; परतीच्या वाटेवर उरलेली दोन आपोआप थांबली. शेवटी पहिले बंद केलेले इंजिनच पुन्हा चालू होऊन विमान मायामीस पोहोचले. चूक एकाच प्रकारची होती, म्हणून संख्या तीन असूनही फळ एकच आले.

अशा अनुभवांतून विचाराची दिशा पालटली. जेट इंजिने भरवशाची ठरत गेल्यामुळे १९८५ साली दोन इंजिनांच्या बोइंग ७६७ ला अटलांटिकवर १२० मिनिटांची मर्यादा मिळाली, व १९८८ साली ती १८० मिनिटांपर्यंत वाढविण्यात आली. पण या सवलतीची किंमत निराळ्या शिस्तीने चुकवावी लागली : शक्य तेथवर एकाच माणसाने एकाच खेपेस दोन्ही इंजिनांवर तेच काम करू नये, असा दंडक पुढे घालण्यात आला. राखेचा इशारा देणारी नऊ केंद्रेही जगभर स्थापन झाली.

तरीही हा धडा कायमचा शिकून झाला असे नाही. २४ ऑगस्ट २००१ रोजी टोरोंटोहून लिस्बनला जाणाऱ्या एअर ट्रान्सॅटच्या एअरबसमध्ये उजव्या इंजिनाजवळील नळीतून इंधन गळू लागले. दोन्ही बाजूंचा साठा विषम दिसताच वैमानिकांनी टाक्या जोडणारी झडप उघडली, आणि डाव्या टाकीचे इंधनही त्याच भोकातून वाहून गेले. दोन्ही इंजिने थांबल्यावर सुमारे एकोणीस मिनिटे तरंगत येऊन, कुशलतेने, ३०६ जणांसह ते विमान अझोर्स बेटांवर उतरले. बाजू समान करावयास गेले आणि एका बाजूचे दुखणे दोहोंस लागले.

चार इंजिनी ७४७ चे शेवटचे विमान जानेवारी २०२३ मध्ये कारखान्याबाहेर सुपूर्द झाले. आज महासागरांवर बहुधा दोनच इंजिने दिसतात. यात धाडस वाढले असे आम्हांस वाटत नाही. पूर्वी आधार मोजीत असत, आता ते एकमेकांपासून किती अलग आहेत हेही पाहतात. एकाच भुसभुशीत जमिनीत रोवलेले चार खांब पाहून घर पक्के म्हणणारा आणि चार इंजिनांवर विसंबून निश्चिंत राहणारा, हे दोघेही एकाच भ्रमात असतात.